थंडी सरतानाचं ताट

रमाई जयंती झाली की पहाटेचा गारवा राहतो, पण दुपारचं ऊन चटका देऊ लागतं. पालेभाजी, गाजर, मटार, टोमॅटो याच दिवसांत स्वस्त मिळतात. पुढच्या महिन्यात उन्हं तापली की जुडी बारीक होते आणि भाव चढतो. बाजार उठायच्या वेळी गेलात तर दहा-वीस रुपयांत पिशवी भरते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या वस्तीत याचं एक कारण डोळ्यांसमोर आहे: आई सगळ्यांचं झाल्यावर जेवते, तोवर पातेल्यात रस्सा उरतो, भाजी नाही. भाजी आधी तिच्या आणि वयात आलेल्या लेकीच्या ताटात वाढा.

मेथी, शेवग्याचा पाला, हरभरा यांत लोह आहे, पण ते शरीराला सहज लागत नाही. त्यावर लिंबू पिळा, जेवताना आवळ्याची फोड किंवा पेरू खा, मग ते चांगलं लागतं. चहा उलटं करतो. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह अडवतो, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. हे आमच्या घरात कुणालाच आवडलं नव्हतं! लोखंडी कढई असेल तर भाजी तीतच करा, मात्र झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यापेक्षा पोरांच्या हातात बोरं द्या, ओल्या हरभऱ्याचे घाटे द्या. सोलून खाण्यात त्यांचा वेळही जातो. रेशनचा गहू-तांदूळ पोट भरतो, पण सोबत मूठभर मटकी किंवा मूग मोड आणून हवेतच. आठवड्यातून एकदा सुकट भाजून चटणी केली तर काट्यांसकट कॅल्शियम मिळतं. अंडं परवडलं तर उत्तमच.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी मात्र भाजी खाते म्हणून बंद करू नये. तीसुद्धा चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

मेथी जास्त आली तर निवडून, धुऊन, पाणी निथळून सावलीत कापडावर पसरा. कुरकुरीत वाळली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मे महिन्यात वरणात मूठभर टाकता येईल.