चुंबकापासून वीज कशी उत्पन्न होते?

तांब्याच्या तारेचें एक वेटोळें घेऊन त्याचीं टोकें गॅल्व्हानोमीटरला जोडावीं व वेटोळ्यांत लोहचुंबक ठेवून द्यावा. तो तासभर तसाच राहिला तरी यंत्राची सुई हलत नाहीं. परंतु चुंबक झटकन् बाहेर काढला कीं सुई एका बाजूस वळते. पुन्हां आंत घातला कीं उलट बाजूस वळते. प्रयोगशाळेंत हें पाहून आम्हांस प्रथम मौज वाटली. पण याच गोष्टीनें एका विद्वानास कसें चकविलें हें वाचलें, तेव्हां तिचें मर्म उमगलें.

१८२० सालीं डेन्मार्कमध्यें अर्स्टेड यांनीं विद्युत्प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळते असें दाखविलें. विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकापासून वीज कां मिळूं नये? १८२५ सालीं जिनीव्हाच्या कोलाडों यांनीं वरीलच प्रयोग केला. चुंबकाचा परिणाम थेट सुईवर होऊं नये म्हणून त्यांनीं गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलींत ठेविला होता. वेटोळ्यांत चुंबक घालून ते तेथें जाऊन पाहात, तों सुई केव्हांच स्थिर झालेली असे! हातीं आलेला शोध निसटला.

१८३१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे यांनीं सुईची ती क्षणिक हालचाल पाहिली व तिचा अर्थ ओळखला. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीची उमेदवारी करतां करतां विज्ञान शिकला होता. चुंबकाचें नुसतें सान्निध्य पुरत नाहीं. वेटोळ्यांतून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलावी लागते. ती बदलत असते तोंवरच तारेंत विद्युद्दाब उत्पन्न होतो. बदल दुप्पट वेगानें घडला तर दाब दुप्पट. तारेचे वेढे दुप्पट केले तरी दुप्पट. यासच विद्युच्चुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

वीजगृहांतील जनित्रांत चुंबक व वेटोळीं यांपैकीं एक सतत फिरतें ठेवून हा बदल अखंड चालवितात. दाबाची दिशा वारंवार उलटते; आपल्या देशांत सेकंदास ५० आवर्तनें होतात. ट्रान्सफॉर्मरमध्यें तर कांहींच फिरत नाहीं. एका वेटोळ्यांतील उलटसुलट प्रवाहच दुसऱ्यासाठीं तो बदल घडवितो.

मात्र ही वीज फुकट मिळत नाहीं. ज्या बदलामुळें प्रवाह उत्पन्न होतो, त्या बदलासच तो विरोध करितो, हा नियम लेन्झ यांनीं १८३४ सालीं सांगितला. सायकलीच्या डायनामोवर दिवा लावला कीं पायडल जड लागतें, तें यामुळेंच. खोपोलीच्या वीजगृहांत १९१५ सालापासून सह्याद्रीच्या माथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं येऊन चक्रें फिरवीत आहे. हाच विरोध मोडण्याचे श्रम तें पाणी करितें.

कोलाडोंचा हात चुंबकावर होता, पण त्या क्षणीं डोळा सुईवर नव्हता. म्हणून आम्ही प्रयोग करितों तेव्हां एकानें चुंबक हलवावयाचा व दुसऱ्यानें सुईवरून नजर काढावयाची नाहीं, असा आमचा नियम आहे.