नाचताना हात नेमका कसा धरायचा? स्कॉटिश कंट्री डान्समधली गिरकी समजून घेऊया

जून १९४०. फ्रान्समधल्या सेंट व्हॅलेरी इथं ५१व्या हायलँड डिव्हिजनचे हजारो ब्रिटिश सैनिक जर्मनांच्या हाती सापडले. त्यांच्यातल्या काही अधिकाऱ्यांनी युद्धकैद्यांच्या छावणीत काय केलं असेल? चक्क एक नाच बसवला! ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’ हा नाच आजही नाचला जातो. त्यात नाचणाऱ्यांच्या रांगांतून तिरका क्रॉस तयार होतो, स्कॉटलंडच्या झेंड्यावर आहे तसाच.

पण हा क्रॉस जमतो कसा? उत्तर आहे, हात धरण्याच्या पद्धतीत.

आधी मांडणी समजून घ्या

स्कॉटिश कंट्री डान्स एकट्यादुकट्याचा नाही. बहुतेक वेळा चार जोड्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. याला ‘सेट’ म्हणतात.

एका हाताची गिरकी

हस्तांदोलन करतो तसाच हात धरायचा, पण साधारण खांद्याच्या उंचीवर. कोपर किंचित वाकलेलं. उजवा हात धरला की जोडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरते, डावा धरला की उलट. पूर्ण फेरीला सहसा संगीताचे चार बार, म्हणजे ठेक्यांचे चार गट मिळतात.

दोन हातांची गिरकी

समोरासमोर उभं राहून दोन्ही हात धरायचे आणि घड्याळाच्या दिशेनं फिरायचं. फुगडी खेळला असाल तर यातली मेख लगेच कळेल. दोघांनीही थोडा भार बाहेर द्यायचा. हात सैल सोडला तर गिरकी विस्कटते, गच्च आवळला तर वेळेत सुटत नाही.

चौघांचं चक्र

‘हँड्स अक्रॉस’मध्ये चौघं मध्यभागी उजवे हात देतात. प्रत्येकानं आपल्या तिरक्या समोरच्या व्यक्तीचा हात धरायचा. चाकासारखं फिरायचं, मग वळून डाव्या हातानं परत यायचं.

एवढे नियम कशाला?

कारण तुमची गिरकी संपते तिथं दुसऱ्याची सुरू होते. तुम्ही दोन ठेके उशिरा पोहोचलात, तर पुढचा माणूस हात पुढे करून ताटकळत राहतो. शिवाय अनोळखी लोकांनाही एकत्र नाचता यावं, तर पद्धत सगळीकडे सारखी हवी. १९२३ मध्ये ग्लासगोत स्थापन झालेल्या आणि पुढे ‘रॉयल’ झालेल्या स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीनं हे नाच गोळा केले, पुस्तकांतून छापले आणि शिकवले.

आता पुन्हा त्या क्रॉसकडे या. पहिल्या जोडीतले दोघं मध्यभागी एकमेकांचा डावा हात धरतात आणि उजवा हात कोपऱ्यावरच्या नर्तकाला देतात. चौघांची तिरकी रांग होते. मग दुसऱ्या कोपऱ्यांकडे वळून तेच केलं, की आधीच्या रांगेला छेद देणारी दुसरी रांग. झाला क्रॉस!

यातला एक जरी हात उशिरा आला, तरी रांग तुटते. छावणीत बसवलेल्या या नाचाची गंमत हीच आहे: क्रॉस एकट्याला काढता येत नाही.