सत्तर हजार कार्षापण : नाशिक शिलालेखातील एक संख्या

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत असले, तरी तेथील शिलालेख भिक्खुसंघाचाच इतिहास सांगतात. लेणे क्रमांक 10 मधील, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख धार्मिक दानाबरोबरच गणिताच्या दृष्टीनेही अभ्यसनीय आहे.

या लेखात 70,000 ही संख्या प्रथम शब्दांत व नंतर अंकांत कोरलेली आहे. मात्र आज आपण सातावर चार शून्ये देतो, तशी ती लिहिलेली नाही. त्या अंकपद्धतीत शून्य नव्हते व स्थानमूल्यही नव्हते. सत्तरचे चिन्ह वेगळे, हजारचे वेगळे. हजाराच्या चिन्हाला सत्तरचे चिन्ह जोडले की सत्तर हजार होत.

लेखात पुढे 35 कार्षापणांना एक सुवर्ण असा भाव देऊन या रकमेचे 2,000 सुवर्ण होतात, असे नमूद केले आहे. हा भागाकार निःशेष कसा जातो, हे पाहण्यासारखे आहे. 70,000 चे मूळ अवयव पाडले असता चार वेळा 2, चार वेळा 5 आणि एकदा 7 मिळतात. 35 म्हणजे 5 गुणिले 7. हे दोन्ही अवयव 70,000 मध्ये आहेत. याउलट एक लाख ही मोठी संख्या असूनही तिला 35 ने भागल्यास 2,857 भागाकार येऊन बाकी 5 उरते. दहाचे अवयव केवळ 2 व 5 असल्यामुळे एकावर कितीही शून्ये दिली तरी त्या संख्येत 7 हा अवयव येणार नाही.

हे सत्तर हजार देव व ब्राह्मण यांना दिलेले आहेत, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. चातुर्दिश भिक्खुसंघाला याच लेखाने लेणे व 3,000 कार्षापणांची अक्षय निधी दिली. त्यांपैकी 2,000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. त्याचे महिन्याला 20 आणि वर्षाला 240 कार्षापण व्याज होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वीस गुणिले बारा, म्हणजे नेमके 240. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याजच वापरावयाचे, अशी अट होती. उरलेले 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण टक्क्याने ठेवले होते.

सत्तर हजारांच्या तुलनेत तीन हजार ही रक्कम लहानच. पण तिच्या व्याजाचा हिशोब भिक्खूंच्या चीवराशी तंतोतंत जुळतो. तो दगडावर कोरलेला असल्यामुळे श्रेणीला तो विसरता येणार नव्हता आणि आजच्या उपासकालाही तो स्वतः पडताळून पाहता येतो.