बाळंतिणीची शेगडी आणि भिंतीवरचा गजर

गेल्या पौषात हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका गावी गेलो होतो. उशीर झाला, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडेच मुक्काम केला. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ बारा दिवसांचे. सकाळी चहाच्या वेळी तिची आई म्हणाली, "साहेब, पोरीचं डोकं रोज पहाटे ठणकतं, मळमळतं. ओसरीत येऊन बसली की तासा-दोन तासांत उतरतं. नजरसुद्धा काढून झाली."

बाहेर आल्यावर उतरते, हे ऐकून मला शंका आली. खोली दाखवा म्हटले. बाजेखाली कोळशाची शेगडी, दार लोटलेले, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. "धूर नाही हो साहेब, कोळसे फुलल्यावरच आत आणतो," आजी म्हणाल्या.

फसगत होते ती इथेच. धूर गेला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातला जो तांबडा घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. तान्ह्या बाळाला आणि गर्भाला त्याचा धोका अधिक. निखाऱ्यांवर राख सारल्याने वायू थांबत नाही, आणि खोलीत पाण्याची बादली ठेवूनही नाही. तो पाण्यात फारसा विरघळतच नाही. विहिरीत कंदील सोडून हवा पाहण्याची आपली जुनी रीत आहे, पण माणूस दगावेल एवढा हा वायू असला तरी दिवा जळत राहतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

शेक बंद करा, असे मी सांगितले नाही. सांगून कोणी ऐकलेही नसते! शेक दार-खिडकी उघडी ठेवून घ्यावा आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात न्यावी, एवढेच सांगितले. शिवाय भिंतीवर लावायचा गजर आणा म्हटले.

मुलाने आणला तो धुराचा गजर. बाळाच्या ओव्याच्या धुरीला तो रोज ओरडू लागला, म्हणून घरच्यांनी त्यातला सेल काढून ठेवला. धुराचा गजर आगीसाठी असतो, तो छताला लावतात. स्वयंपाकाच्या गॅसचा गजर निराळा. तो वायू हवेपेक्षा जड, म्हणून ते यंत्र जमिनीलगत बसवतात. या दोहोंना कार्बन मोनॉक्साईड कळत नाही. घेताना खोक्यावर त्याचे नाव वाचूनच घ्यावे. हा वायू हवेत सगळीकडे मिसळतो, म्हणून गजर निजण्याच्या खोलीत, साधारण उशाच्या उंचीवर असावा. पडद्याआड किंवा कपाटामागे नको. युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर तो साठ ते नव्वद मिनिटांत वाजतो, ३०० भाग असेल तर तीन मिनिटांच्या आत.

बसवला की विसरला, असे मात्र चालत नाही. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, चाचणीचे बटण दाबून आवाज ऐकावा. त्याने सेल आणि भोंगा ठीक आहेत एवढे कळते, आतला संवेदक म्हाताऱ्या बैलासारखा थकला असेल तर ते कळेलच असे नाही. तो साधारण सात ते दहा वर्षे टिकतो. मागे छापलेली तारीख पाहावी आणि मुदत संपली की यंत्रच बदलावे. अधूनमधून एकच बारीक टिक्‌ येत असेल तर बहुधा सेल उतरला आहे किंवा आयुष्य संपले आहे. धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. जवळपास कीटकनाशक फवारू नये, रंग देताना यंत्राला रंग लागू देऊ नये.

गजर वाजला तर आधी माणसे बाहेर काढावीत. दारे-खिडक्या जाता जाता उघडता आल्या तर उघडाव्यात. शेगडीसाठी परत आत जाऊ नये. कोणी गुंगलेले असेल तर १०८ ला फोन करावा. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, नळीने शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे सव्वा तास. म्हणून डॉक्टरांना नुसते "चक्कर आली" सांगू नये. "बंद खोलीत शेगडी होती" हे आधी सांगावे.