गोड्या पाण्यावरचा नाताळ

आपल्या महाराष्ट्रात थंडी दोन जातींची असते. एक निफाडची. तिथे पारा दहाच्याही खाली उतरतो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि शाळेत जाताना तोंडातून वाफा निघतात. दुसरी आमच्या वसईची. हिला थंडी म्हणावं की नाही, असा निफाडकरांना प्रश्न पडेल! सकाळी सातला अंगात घातलेला स्वेटर दहाच्या सुट्टीत कमरेला बांधलेला असतो आणि दुपारी तो वर्गातच विसरला जातो. माझ्या कपाटात डिसेंबरात असे चार-पाच बेवारशी स्वेटर नेहमी असतात.

हा फरक समुद्रामुळे पडतो. घरी एक गंमत करून बघा. एका वाटीत वाळू आणि दुसरीत पाणी घेऊन दोन्ही वाट्या उन्हात ठेवा. वाळू चटकन तापेल. सावलीत आणल्यावर चटकन गारही होईल. पाणी मात्र सावकाश तापतं, सावकाश निवतं. आमच्या दारात तर अख्खा अरबी समुद्र आहे. तो उन्हाळ्यात साठवलेली ऊब हिवाळ्यात हळूहळू सोडत बसतो. म्हणून आमची थंडी मवाळ.

या मवाळ थंडीत वसईची माणसं काय करतात, घरात काय शिजतं आणि चर्चमध्ये काय चालतं, ते आज सांगते. मी इथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे बरंचसं मुलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मुलं खरं सांगतात, न विचारलेलंही सांगतात.

वसई पालघर जिल्ह्यात आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा नदी, पश्चिमेला समुद्र. रेल्वेच्या पश्चिमेला नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज, आगाशी अशी गावं आहेत. केळी, पानवेली, फुलं आणि भाजी यांच्या वाड्यांसाठी ही गावं पूर्वीपासून प्रसिद्ध. इथे हिंदू आणि ख्रिस्ती कुंबणाला कुंपण लावून राहतात. सामवेदी म्हणजे कुपारी ख्रिस्ती, वाडवळ ख्रिस्ती, कोळी ख्रिस्ती अशा वेगवेगळ्या समाजांच्या बोलीही वेगळ्या. सामवेदी बोलीला कादोडी असंही म्हणतात. पहिलीत नवीन आलेलं मूल कधीकधी घरच्या बोलीत भराभर काहीतरी सांगतं आणि माझं तोंड बघून हसतं. मग शेजारचं मूल दुभाष्या होतं.

वाडीतला दिवस पहाटे सुरू होतो. आदल्या दिवशी काढलेली भाजी, फुलं, पानं टोपल्यांत भरून बायका विरारच्या किंवा वसईच्या स्टेशनावर जातात आणि लोकलने मुंबई गाठतात. काही आज्या अजूनही लाल लुगडं नेसतात. गर्दीत त्या लांबून ओळखू येतात. डिसेंबरात या कामाला फार जोर येतो आणि त्याचं कारण मजेशीर आहे. या दिवसांत बहुधा मार्गशीर्ष महिना असतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघर महालक्ष्मीचा घट मांडतात. त्याला फुलं हवीत, विड्याची पानं हवीत, डहाळ्या हव्यात. म्हणून बुधवारी आमच्या ख्रिस्ती मुलांच्या घरी मोठी लगबग. नाताळची तयारी बाजूला ठेवून आख्खं घर दुसऱ्यांच्या लक्ष्मीपूजेची फुलं तोडत असतं. “बाई, काल गुरुवारची फुलं काढत होतो, म्हणून गृहपाठ राहिला,” हे कारण मी दर वर्षी ऐकते. खरं असतं, म्हणून चालवूनही घेते.

आई बाजाराला गेली की वाडीत शिंपण सुरू होतं. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात जातो तो थेट जूनमध्ये येतो. मधले सात-आठ महिने केळीला आणि पानवेलीला पाणी कुठून? तर विहिरीतून आणि बावखलातून. बावखल हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नवा असेल. वसईत वाड्यांच्या मधोमध माणसांनी खणलेली छोटी तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यांत साठतं आणि तिथून जमिनीत मुरतं. पूर्वी विहिरीवर रहाट असे, जनावर गोल फिरे आणि पाटातून पाणी केळीच्या बुंध्याशी जाई. मग पंप आले. या बावखलाचं नाव जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिवाळ्याचं दुसरं काम म्हणजे वाळवण. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की शाळेचा गणवेशसुद्धा दोन दिवस वाळत नाही. हिवाळ्यात मात्र हवा कोरडी असते आणि ऊनही भाजून काढणारं नसतं. असं ऊन सुकेळ्यांना मानवतं. सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी. त्यासाठी राजेळी जातीची लांब केळी लागतात. पिकलेली राजेळी सोलून उन्हात मांडायची, मधूनमधून परतायची आणि संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची. सकाळी पुन्हा मांडायची. साधारण आठवडाभर हे चालतं. केळं आकसतं, तांबूस होतं, मधासारखं चिकट आणि गोड होतं. यात साखर अजिबात घालत नाहीत बरं का! मग सुकेळी केळीच्याच वाळलेल्या पानात घट्ट बांधतात. आगाशीची सुकेळी नावाजलेली. निर्मळला कार्तिकात मोठी जत्रा भरते, तिथेही ती मिळतात. दव पडायच्या आत सुकेळी उचलणं हे बहुतेक घरी मुलांचं काम, त्यामुळे संध्याकाळी खेळ अर्धा टाकून पळावं लागतं.

तिकडे अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इथल्या कोळीवाड्यांत बोंबील वाळतात. ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची. ना खिळा, ना चिमटा! माशाचे दातच चिमट्याचं काम करतात. लांबून बघितलं तर कुणीतरी रुपेरी झालर लावलीय असं वाटतं. वासाबद्दल मी काही बोलत नाही. कोळीवाड्यातली मुलं म्हणतात, “आम्हांला येतच नाही वास.”

नाताळच्या आधी चार रविवार ‘आगमनकाळ’ असतो. येशूच्या जन्माची वाट बघण्याचा हा काळ. चर्चमध्ये हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. तिसऱ्या रविवारी गुलाबीची पाळी, कारण तो आनंदाचा रविवार. लहान मुलांना किती दिवस उरले हे कॅलेंडरपेक्षा या मेणबत्त्यांवरून चांगलं कळतं. पहाटेच्या मिस्सेला काही आज्या-आजोबा शाली पांघरून जातात आणि तिथून परस्पर वाडीत कामाला.

ही मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, इथे मराठीत होते. पूर्वी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये ती लॅटिन भाषेत असे. व्हॅटिकनमध्ये १९६२ ते १९६५ या काळात मोठी धर्मपरिषद भरली आणि त्यानंतर लोकांच्या भाषांत उपासना सुरू झाली. आता आमच्या मुलांचा नाताळ मराठी गाण्यांनी गाजतो. गंमत म्हणजे ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलाय. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज गेले, पण पाव, चावी, बादली, साबण हे त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. आणि निफाडच्या दोस्तांनो, तुमच्या नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे ना, तिथली ती मोठी घंटा वसईच्या विजयानंतर इथूनच नेलेली आहे! म्हणजे आमची घंटा तुमच्या थंडीत कुडकुडते.

घरात या दिवसांत स्वयंपाकघराबाहेर कुणाचा पाय टिकत नाही. करंज्या होतात, काट्याच्या पाठीवर वळलेले कलकल होतात आणि फुगे होतात. फुगे म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोल वडे. मुठीतून पीठ पिळून तेलात सोडलं की टम्म फुगतात, म्हणून फुगे. पूर्वी पीठ फुगायला ताडी घालत, आता बहुतेक जण यीस्ट घालतात. थंडीत पीठ लवकर फुगत नाही, मग पातेलं गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवतात. एका मुलीने मला सांगितलं, “बाई, आमच्याकडे आधी पिठाला पांघरूण मिळतं, मग आम्हांला.”

मुलांचं सगळ्यांत लाडकं काम म्हणजे गोठा करणं. येशूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यात झाला, त्याचा देखावा घरोघर मांडतात. त्यात खरंखुरं हिरवं शेत हवं असतं. त्यासाठी नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पसरट ताटलीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरतात. रोज पाणी शिंपडलं की पंचवीस तारखेपर्यंत बोटभर हिरवळ उभी राहते. कुणाचं शेत उंच, यावर वर्गात भांडणं होतात. ताटली उन्हात ठेवली का, पाणी जास्त झालं का, अशी चर्चा सुरू झाली की मी विज्ञानाचा तास तिथेच घेऊन टाकते.

हे सगळं ऐकून वसई म्हणजे नुसतं सुखाचं गाव असं वाटेल. तसं नाही. आता बावखलाकडे येऊ.

एका काचेच्या पेल्यात मीठ आणि थोडी शाई घातलेलं पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू साधं पाणी सोडा. साधं पाणी वर तरंगेल. खारं पाणी जड, गोडं पाणी हलकं. वसईच्या जमिनीखाली असंच आहे. पावसाचं गोडं पाणी वर आणि समुद्राकडून आलेलं खारं पाणी खाली. बावखलातून मुरणारं पाणी वरचा गोडा थर जाड ठेवतं. पण गोडं पाणी मुरण्यापेक्षा जास्त उपसलं, तर खालचं खारं पाणी वर चढतं. मग केळीच्या पानांच्या कडा करपायला लागतात.

१९८०च्या दशकात इथे भराभर इमारती झाल्या. त्यांना पाणी पुरवायला वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, बावखलं भरावाखाली गेली. तेव्हा गावकरी एकत्र आले आणि ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. तिचे पुढारी होते नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू आणि मराठीतले मोठे लेखक. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. चर्चमधल्या माणसाने विहिरींबद्दल का बोलावं, असं तेव्हा काहींना वाटलं असेल. मला विचाराल तर त्यात नवल काहीच नाही. समोर बाकावर बसलेल्या माणसांची वाडीच वाळली, तर प्रार्थना तरी दुसरी कसली करणार?

आता शहराला सूर्या प्रकल्पाचं पाणी मिळतं. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिकाही झाली. तरी वाडी काही नळाच्या पाण्यावर जगत नाही, तिला जमिनीतलंच पाणी लागतं.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी चौथीच्या मुलांना एकच अभ्यास दिला होता. आजी-आजोबांना विचारायचं, त्यांच्या लहानपणी आपल्या आळीत किती बावखलं होती, आणि आज त्या जागी काय आहे ते जाऊन बघायचं, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. वह्या वाचताना माझा चहा गार झाला. कुणाच्या बावखलाच्या जागी गाड्या उभ्या राहतात, कुणाच्या जागी लग्नाचा हॉल आहे. एका मुलाने तर लिहिलं होतं, “आम्ही क्रिकेट खेळतो तेच बावखल होतं, मला माहीतच नव्हतं. आजोबा तिथे पोहायला शिकले.” एका मुलीच्या घरचं बावखल मात्र अजून शाबूत आहे. तिने त्याचं चित्र काढलं होतं. पाण्यात एक खंड्या, काठावर लाल लुगड्यातली आजी आणि बाजूला पाण्याने भरलेली कळशी. चित्राखाली बाण काढून लिहिलं होतं, “हे पाणी आमच्या नाताळच्या शेताला घातलं.”

तुमच्या गावातही बारव, आड, तलाव किंवा कुंड असं काहीतरी असेलच. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्याला गावात काय नाव होतं, कोण तिथे पाणी भरायचं आणि आज तिथे काय आहे. एका पानावर लिहा, जमलं तर चित्र काढा आणि आम्हांला पाठवा. आणि हो, ताटलीत नाचणी पेरायची असेल, तर पंधरा डिसेंबरच्या पुढे थांबू नका.