आजोबांची गोळी, नातवाची गोळी

मराठीत लिमलेटची तीही गोळी आणि रक्तदाबाची तीही गोळीच. दीड-दोन वर्षांच्या बालकाला यांतला फरक कळावा, अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करतो? शिवाय औषध घेताना तोंड फिरवणाऱ्या नातवंडाला ‘चॉकलेटच आहे हे’ असे सांगून आपणच त्याची समजूत पक्की करत असतो.

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की गॅस, विजेची बटणे आणि गच्चीचा कठडा यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. परंतु ज्या घरात साठी ओलांडलेली माणसे आणि पाच वर्षांच्या आतील मूल एकत्र राहते, तेथे एक मोठा धोका आजी-आजोबांच्या उशाशीच असतो, आणि त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

दीड वर्षांच्या मुलाचे वजन साधारण दहा किलो. साठ किलोच्या प्रौढासाठी बेतलेली मात्रा त्याच्या शरीरात वजनाच्या मानाने सहापट होते. काही औषधांच्या बाबतीत तर एकच गोळी जिवावर बेतू शकते. मधुमेहावरील ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्यांपैकी होत. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात आणि निरोगी बालकाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आपण ‘मेटफॉर्मिनची गोळी’ म्हणून ओळखतो, तिच्यातही पुष्कळदा ग्लिमेपिराइड मिसळलेले असते. पाकिटावरील बारीक अक्षरे एकदा भिंग लावून जरूर वाचा.

या औषधांचा परिणाम कित्येकदा अनेक तासांनी दिसतो. मूल खेळते, जेवते, झोपी जाते. ‘काही झाले नाही’ म्हणून घर निर्धास्त होते आणि साखर रात्री, झोपेत घसरते. शांत झोपलेले मूल आणि साखर उतरून ग्लानीत गेलेले मूल अंधारात सारखेच दिसते. म्हणून अशी गोळी पोटात गेल्याची नुसती शंका असली, तरी मूल हसत-खेळत असतानाच रुग्णालयात न्यावे. तेथे त्याला बहुधा चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात. हा अतिरेक नव्हे. अम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधे, हृदयाची व झोपेची औषधे यांनाही हाच नियम लागू. लोहाच्या लालचुटूक गोळ्या तर मुलांना खाऊच वाटतात. त्या अनेक खाल्ल्यास उलट्या होतात, मग काही तास बरे वाटते आणि त्यानंतर प्रकृती पुन्हा ढासळू शकते.

‘औषधे उंच फळीवर ठेवा’ हा सल्ला देणाऱ्यांचे गुडघे दुखत नसावेत. तीन वेळा औषध घेणाऱ्या माणसाने स्टुलावर चढावे काय? त्यापेक्षा आपल्या कमरेच्या उंचीवर, पण कुलूप लागणारा एक खण किंवा छोटी पेटी ठरवावी. आठवड्याचे कप्पे असलेला डबा आपल्याला सोयीचा असतो. मुलालाही तो तितक्याच सहज उघडता येतो, म्हणून तोही त्या पेटीतच. हात थरथरत असतील तर गोळी ताटावर काढावी, म्हणजे पलंगाखाली घरंगळणार नाही. रांगणारे मूल जे शोधते, ते आपल्या चष्म्याला दिसत नाही. पाहुणे म्हणून मुलीकडे वा मुलाकडे गेलात, तर औषधांची पिशवी खुर्चीवर वा पलंगावर राहू देऊ नये. आणि पट्टीत किती गोळ्या उरल्या आहेत, ते आपल्याला ठाऊक असावे.

गोळ्यांखेरीज आणखी तीन वस्तू त्याच पेटीत जाव्यात. देवघरातील कापूर थोडासा गिळला तरी लहान मुलाला काही मिनिटांत आकडी येऊ शकते. सांधेदुखीवरील विंटरग्रीनच्या तेलाचा एखादा चमचाही प्राणघातक ठरू शकतो. तिसरी वस्तू म्हणजे श्रवणयंत्राचे आणि साखर मोजण्याच्या यंत्राचे बटणासारखे सेल. सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तेथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ‘शौचावाटे पडेल’ म्हणून वाट पाहू नये. तातडीने क्ष-किरण तपासणी करावी.

असा प्रसंग घडल्यावर वेळ दवडला जातो तो बहुतेकदा अज्ञानामुळे नव्हे, तर संकोचामुळे. गोळी माझी, मूल माझ्याजवळ होते, आता सून काय म्हणेल, मुलगा रागावेल, या विचारात आजी पलंगाखाली पुन्हा पुन्हा शोधत राहते आणि तास निघून जातो. सुनांना व मुलांना माझी विनंती आहे की, घरात हे आधीच बोलून ठेवा: सांगणाऱ्याला त्या दिवशी कोणीही दोष देणार नाही.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. त्या मिठानेही मुलाला विषबाधा होऊ शकते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला तर उलटी मुळीच करवू नये, ते फुप्फुसात जाते. मधुमेहाची गोळी गेली असेल आणि मूल शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर वाटेत साखरपाणी द्यावे. ग्लानीत असेल तर तोंडात काहीही घालू नये. रिकामी पट्टी किंवा बाटली बरोबर न्यावी आणि घटनेची वेळ सांगावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. हे दोन्ही क्रमांक ठळक अक्षरांत लिहून औषधांच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवावेत.