कोबीच्या गड्ड्यापासून बायर्नपर्यंत

2 ऑक्टोबर 2018. व्हिला पार्कवर प्रेस्टनविरुद्ध सामना, आणि अ‍ॅस्टन व्हिलाचे मॅनेजर स्टीव्ह ब्रूस यांच्या दिशेने प्रेक्षकांतून चक्क कोबीचा गड्डा भिरकावला गेला! सामना 3-3, दुसऱ्या दिवशी ब्रूस यांची गच्छंती.

बरोबर सहा वर्षांनी, 2 ऑक्टोबर 2024 ला, त्याच मैदानात बायर्न म्युनिक. 79व्या मिनिटाला पाऊ तोरेसचा लांब पास, गोल सोडून पुढे आलेला बायर्नचा गोलरक्षक नॉयर आणि त्याच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकणारा बदली खेळाडू जॉन दुरान. 1-0. 1982 च्या युरोपियन कपच्या फायनलमध्येही व्हिलाने बायर्नला 1-0 नेच हरवलं होतं, बरं का!

नासेफ साविरिस आणि वेस ईडन्स यांनी जुलै 2018 मध्ये क्लब घेतला, तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीत होता आणि कराचे पैसे भरायचीही मारामार होती. 2019 ला प्लेऑफमधून प्रीमियर लीग, 2024 ला चौथा क्रमांक. माझ्या मते या मालकांचा सर्वांत शहाणा निर्णय म्हणजे 2022 मध्ये मॅनेजर म्हणून उनाय एमरीला आणणं. पैसा काय, आधीच्या मालकानेही उधळला होताच.

पण सगळंच गोड नाही. त्या बायर्नच्या सामन्याचं तिकीट प्रौढांसाठी 70 ते 97 पौंड! खर्चाच्या नियमांत बसण्यासाठी महिला संघ मालकांच्याच कंपनीला विकला, तरी 2025 मध्ये युएफाचा दंड बसलाच.

तरी सुधारणा झाली का? अलबत झाली.